अधांतरी थेंब

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. राजापूरजवळचा सडा. पाऊस नुकताच उघडला होता आणि कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. कातळातल्या एका खोलगट जागी, बोटभर मातीत, दवबिंदू उगवला होता. कीटक खाणारी ही वनस्पती. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा इंडिका. सुईसारखी लांब पानं, पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट द्रवाचा एकेक थेंब. एका पानावर तिळाएवढी माशी चिकटली होती आणि आजूबाजूचे केस तिच्याकडे वळू लागले होते.

मी प्लास्टिकचा कागद अंथरून पालथा पडलो. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, एवढासा ट्रायपॉड, वारा पडायची वाट. अर्ध्या तासाने वारा पडला आणि फोकस थोडं थोडं मागे सरकवत एकाच पानाच्या बावीस फ्रेम्स घेतल्या. रात्री घरी येऊन त्या बावीसच्या बावीस संगणकावर एकत्र केल्या. जवळच्या टोकापासून दूरच्या टोकापर्यंत सगळं पान लखलखीत. इतकं स्पष्ट पान मी डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो फोटो मी आमच्या बाईंना पाठवला. बाईंनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही त्यांची नजर तीच आहे.

संध्याकाळी फोन आला. "फोटो सुरेख आहे रे. पण डावीकडचा तिसरा थेंब कशावर उभा आहे?"

मी फोटो मोठा करून पाहिला. थेंब होता, पण त्याला धरणारा केसच नव्हता. थेंब अधांतरी. शेजारच्या केसाला टोकं दोन होती आणि थेंबही दोन.

"मूळ फोटो आहेत ना तुझ्याकडे? ते पाठव," बाई म्हणाल्या.

मूळ फ्रेम्स चाळल्या. चौदाव्या फ्रेममध्ये तो केस बुडापासून टोकापर्यंत धडधाकट होता. कॅमेऱ्याने टिपलेला केस सॉफ्टवेअरने जोडकामात टाकून दिला होता, आणि ते मला दिसलंही नव्हतं, कारण बाकीचं चित्र फार सुंदर होतं. शेजारच्या केसाची दोन टोकं मात्र वाऱ्याची करणी होती. सतराव्या फ्रेमपाशी पान हललं होतं.

अशा फ्रेम्स जोडण्यासाठी, म्हणजे फोकस स्टॅकिंगसाठी, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न मॅक्रो छायाचित्रण करणाऱ्यांच्या गप्पांत हमखास निघतो. उत्तरं किमतीची असतात, वेगाची असतात, नाही तर सवयीची. बाईंच्या त्या फोननंतर माझ्यापुरता हा प्रश्न बदलला. कोणतंही सॉफ्टवेअर कुठे ना कुठे चुकणार. ती चूक कुठे होईल हे आधीच ओळखता यावं आणि झाल्यावर हाताने सुधारता यावी, असं कोणतं, हे मला हवं होतं. त्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी हेच शोधत होतो.

एक मिलिमीटरची खोली

हा सगळा खटाटोप मुळात का करावा लागतो? कारण जवळून पाहताना लेन्सची स्पष्ट दिसणारी खोली फार कमी उरते. वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकारात उमटते, त्याला १:१ म्हणतात. त्या प्रमाणात, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलं, तर जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. दवबिंदूचं तिरपं पान बारा-पंधरा मिलिमीटर खोल. वस्तू चौपट मोठी करून, म्हणजे ४:१ प्रमाणात, एफ ४ ने टिपली, तर ही खोली मिलिमीटरच्या तेराव्या भागाएवढी राहते. गांधीलमाशीचा एक डोळाही त्यात पुरा मावत नाही.

मग छिद्र आणखी लहान का करू नये? करता येतं, पण मर्यादेपर्यंतच. १:१ वर लेन्सचं एफ १६ हे प्रत्यक्षात एफ ३२ सारखं वागतं. इतक्या बारीक छिद्रातून येणारा प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात, आणि मग सगळंच चित्र मऊ पडतं. खोली मिळते, धार जाते. म्हणून लेन्सला तिच्या सर्वांत चांगल्या छिद्रावर ठेवायचं, फोकस थोडं थोडं सरकवत पुष्कळ फ्रेम्स घ्यायच्या, आणि प्रत्येक फ्रेममधला फक्त स्पष्ट भाग उचलून एक चित्र बांधायचं. हेच फोकस स्टॅकिंग.

दोन फ्रेम्समधलं अंतर स्पष्ट खोलीपेक्षा कमी हवं; सुमारे एक चतुर्थांश भाग एकमेकांवर चढला पाहिजे. तेवढं अंतर चुकलं तर चित्रात धूसर पट्टा राहतो आणि तो कोणतंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. १:१ पर्यंत लेन्सची फोकस रिंग फिरवून पुढे सरकणं बरं. त्याहून मोठ्या प्रमाणात कॅमेरा रेलवर बसवून तो अख्खाच सरकवणं बरं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानेच ठरवून कायम ठेवायचे. सेन्सरवर धुळीचा कण असेल तर तो आधी पुसायचा, कारण जुळवणीत प्रत्येक फ्रेम किंचित लहानमोठी होते आणि त्या एका कणाची चित्रात ठिपक्यांची रांग उमटते.

जुळवणी आणि निवड

सॉफ्टवेअर दोन कामं करतं. पहिलं जुळवणीचं. फोकस सरकलं की चित्राचं मापही किंचित बदलतं. ट्रायपॉड थोडा हलतो, उजेड कमीजास्त होतो. म्हणून प्रत्येक फ्रेम सरकवून, फिरवून, लहानमोठी करून आधीच्या फ्रेमवर नेमकी बसवायची. हे काम आजची सगळीच चांगली सॉफ्टवेअर्स नीट करतात. पण जुळवणी अख्ख्या फ्रेमची होते. वाऱ्याने एकच पान हललं असेल तर ते जुळत नाही. त्याची दोन टोकं उमटतात.

दुसरं काम निवडीचं, आणि सगळा फरक इथे आहे. निवडीच्या मुख्य पद्धती तीन.

पहिली पद्धत खोलीच्या नकाशाची. प्रत्येक पिक्सेल कोणत्या फ्रेममध्ये सर्वांत रेखीव आहे ते पाहायचं आणि तो त्या फ्रेमच्या नावावर चढवायचा; सातबाऱ्यावर एकाच खातेदाराचं नाव असावं तसा. रंग आणि पोत मूळ फ्रेममधला जसाच्या तसा येतो, म्हणून चित्र स्वच्छ आणि रंगाला प्रामाणिक राहतं. पण जिथे एका जागेवर दोघांचा हक्क आहे, म्हणजे पुढे केस आणि केसाच्या मागे पान, तिथे हा नकाशा अडतो. पानाची नक्षी केसापेक्षा ठळक असेल, तर जागा पानाच्या नावावर जाते आणि केस नाहीसा होतो. माझा थेंब अधांतरी झाला तो असा.

दुसरी पद्धत सामाईक खात्याची. जागा एकाला न देता, जी फ्रेम जेवढी रेखीव तेवढा तिचा वाटा, असं सगळ्यांना वाटून द्यायची. छोट्या स्टॅकला ती छान चालते, सांधे दिसत नाहीत. फ्रेम्स फार झाल्या की धूसर फ्रेम्सचेही वाटे साठत जातात आणि चित्र थोडं मिळमिळीत होतं.

तिसरी पद्धत चाळणीची. दळण चाळताना आधी मोठी चाळणी, मग बारीक, मग त्याहून बारीक लावावी, तशी प्रत्येक फ्रेम तपशिलाच्या जाडीप्रमाणे चाळून तिचे थर करायचे. मोठे आकार एका थरात, मधले दुसऱ्यात, केस आणि लव अगदी बारीक थरात. मग प्रत्येक थरात ज्या फ्रेमचा तपशील सर्वांत ठळक तो घ्यायचा आणि सगळे थर पुन्हा एकावर एक रचायचे. केस आणि त्यामागचं पान वेगवेगळ्या थरांत जात असल्याने दोघांनाही जागा मिळते. म्हणून एकमेकांना छेदणाऱ्या केसांसाठी, कीटकांच्या शिंगांसाठी (अँटेना), काट्यांसाठी ही पद्धत सर्वांत भरवशाची. तिची किंमतही आहे. सर्वांत बारीक चाळणीतून सेन्सरचा नॉइजही खाली पडतो, आणि "जो ठळक तो घ्या" या नियमाने प्रत्येक फ्रेममधला जास्तीत जास्त नॉइज गोळा होत जातो. कॉन्ट्रास्ट वाढतो, रंग मूळच्यापेक्षा थोडे कडक होतात.

या चाळणीचं गणितातलं नाव लाप्लासियन पिरॅमिड. पीटर बर्ट आणि एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांनी त्यावरचा शोधनिबंध १९८३ साली प्रसिद्ध केला, तो प्रतिमा कमी जागेत साठवण्यासाठी. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात वेगवेगळ्या फोकसच्या प्रतिमा याच युक्तीने एकत्र करून दाखवल्या. डिजिटल कॅमेरा घरोघरी यायला तेव्हा बराच अवकाश होता. आज आपण माशीच्या डोळ्याचा फोटो जोडतो तेव्हा त्या गणिताचंच बोट धरलेलं असतं.

शिवराई, गांधीलमाशी, दवबिंदू

पद्धतींचं वाचून झालं. मला ते हातांनी तपासायचं होतं. म्हणून एकमेकांपासून अगदी वेगळे असे तीन विषय घेतले.

पहिली शिवराई. माझ्या ओळखीचे एक काका जुनी नाणी जमवतात. त्यांच्याकडे शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अक्षरांचा उठाव दिसावा म्हणून नाणं तिरपं ठेवलं, एका बाजूने उजेड टाकला आणि १:१ वर सोळा फ्रेम्स घेतल्या. चाळणीच्या पद्धतीने जोडलेलं चित्र पहिल्या नजरेला फार प्रभावी दिसलं. ओरखडे कोरून काढल्यासारखे, तांब्यावरचा हिरवट थर गडद. काकांनी ते पाहिलं, शिवराई हातात घेतली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "अहो, माझं नाणं इतकं झिजलेलं नाही." त्यांचं बरोबर होतं. नाण्याचं मोल त्याच्या झिजेवरून ठरतं, आणि कॉन्ट्रास्ट वाढला की झीज वाढल्यासारखी वाटते. त्याच सोळा फ्रेम्स खोलीच्या नकाशाने जोडल्या. ओरखडे होते तेवढेच उतरले, धातूची मऊ चमक तशीच राहिली. नाणं सपाट पृष्ठभागाचं. कुठे काही एकमेकांना छेदत नाही. तिथे नकाशाची पद्धत चुकायला वावच नव्हता.

दुसरी गांधीलमाशी. ती खिडकीच्या कट्ट्यावर मरून पडलेली सापडली. टाचणीवर बसवली, दोन बाजूंना फ्लॅश लावले आणि उजेड मऊ करायला तिच्याभोवती ट्रेसिंग पेपरची नळी केली. ४:१ वर, रेल प्रत्येक वेळी मिलिमीटरच्या विसाव्या भागाने सरकवत, चौसष्ट फ्रेम्स. नकाशाच्या पद्धतीने तिच्या संयुक्त डोळ्याचा काळा गुळगुळीतपणा अप्रतिम आला, पण चेहऱ्यावरच्या प्रत्येक केसाभोवती धुक्याची झालर उमटली आणि शिंग चेहऱ्यावरून जातं तिथे त्याची कड विरघळली. चाळणीच्या पद्धतीने केस आणि शिंग दोन्ही धारदार आले, पण डोळ्यात दाणे भरले. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, चाळणीचं पायाला घेतलं आणि डोळ्यापुरता भाग नकाशाच्या चित्रातून कुंचल्याने रंगवला. या कामातल्या जाणत्या लोकांची हीच रीत आहे: दोन पद्धतींनी दोन चित्रं करायची आणि एकातलं बरं ते दुसऱ्यात घालायचं.

तिसरा, पुन्हा दवबिंदू. सड्यावरच्या त्याच बावीस फ्रेम्स. चाळणीच्या पद्धतीने थेंबाचा देठ परत आला. पण थेंब पारदर्शक, आणि त्यात आभाळाचं प्रतिबिंब. फोकस सुटलं की प्रत्येक चकाकणारा ठिपका गोल चकतीसारखा पसरतो, आणि त्या चकत्यांच्या कडा थेंबांभोवती फिकट वलयं होऊन राहिल्या. वाऱ्याने झालेली दोन टोकं तर कोणत्याच पद्धतीने जाणार नव्हती. तिथे उपाय एकच होता: सतरा ते एकोणीस या फ्रेम्स त्या केसापुरत्या बाजूला ठेवायच्या आणि उरलेल्यांतून त्या जागा हाताने भरायच्या. त्यासाठी माझे दोन तास गेले. केस, पारदर्शकता, चकाकी आणि वारा हे चारही एकत्र आलेला हा विषय, आणि सॉफ्टवेअर तपासायला याहून चांगला विषय मला ठाऊक नाही.

कोणतं घ्यावं

या क्षेत्रात दोन नावं पुढे आहेत. हेलिकॉन फोकस हे युक्रेनमधल्या खार्किव्ह शहरातल्या हेलिकॉन सॉफ्ट कंपनीचं. त्यात वर सांगितलेल्या तिन्ही पद्धती ए, बी आणि सी अशा नावांनी आहेत: ए म्हणजे वाट्यांची, बी म्हणजे नकाशाची, सी म्हणजे चाळणीची. ते संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाचा उपयोग करून घेतं, त्यामुळे वेग मोठा. रॉ फाइल्स थेट देता येतात आणि जोडलेलं चित्र डीएनजी स्वरूपात परत घेता येतं, म्हणजे रंगांचं काम नंतर निवांत करता येतं. पडद्यावरची मांडणी साधी. नवशिक्याला पहिल्या दिवशी जमते.

दुसरं झेरीन स्टॅकर, रिक लिटलफील्ड यांनी लिहिलेलं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. नकाशाच्या पद्धतीला त्यात डीमॅप म्हणतात, चाळणीच्या पद्धतीला पीमॅक्स. हेलिकॉनपेक्षा ते सावकाश चालतं आणि दिसायला रुक्ष आहे. पण केसाळ कीटकांवर काम करणारे पीमॅक्सवर जीव टाकतात, आणि त्यातली हाताने दुरुस्तीची सोय मला सर्वांत बारकाईची वाटली. कुंचला एका बाजूच्या फ्रेमवर ठेवला की दुसऱ्या बाजूच्या चित्रात नेमकी तीच जागा रंगते. स्रोत म्हणून मूळ फ्रेम घ्या, नाही तर दुसऱ्या पद्धतीने केलेलं चित्र. फ्रेम्स शेकड्यांनी असतील तर त्यांचे दहा-पंधराचे, एकमेकांवर थोडे चढणारे गट करून प्रत्येक गटाचं आधी एक चित्र करता येतं. चारशे फ्रेम्समधून एक केस शोधण्यापेक्षा चाळीस गटांतून शोधणं कितीतरी सोपं.

फोटोशॉप अनेकांच्या संगणकात आधीपासूनच असतं. थरांची जुळवणी आणि मग स्टॅक म्हणून मिसळणं ही सोय त्यात २००८ च्या सीएस ४ पासून आहे. फुलांचे, भाजीपाल्याचे, दागिन्यांचे पाच-दहा फ्रेम्सचे स्टॅक त्यात चांगले होतात. फ्रेम्स वाढल्या की ते जड होतं, आणि केसांच्या गुंत्यात त्याचे मुखवटे चुकीच्या जागी कापले जातात. निवडीची पद्धत बदलून पाहायची मुभा त्यात नाही. अ‍ॅफिनिटी फोटोमध्येही फोकस मर्ज आहे आणि जोडल्यावर मूळ फ्रेममधून दुरुस्ती करण्याची सोयही आहे. अ‍ॅफिनिटी बनवणारी कंपनी २०२४ मध्ये कॅनव्हाने विकत घेतली आणि २०२५ मध्ये अ‍ॅफिनिटीची नवी आवृत्ती मोफत केली.

खिशात पैसे नसलेल्या विद्यार्थ्याने खट्टू होऊ नये. विंडोजवर पिकोले आहे. ओल्डेनबर्गचे जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेरिबर्ट सिपिओंका यांनी ते बनवलं आणि मोफत ठेवलं. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांसाठी ते जन्मलं, पण मॅक्रोलाही चालतं. अ‍ॅलन हॅडली यांच्या कंबाइनझेडपी या मोफत सॉफ्टवेअरवर कितीतरी जणांनी हे काम शिकून घेतलं. त्याचा विकास थांबला आहे, तरी त्याचा मान मोठा. लिनक्स वापरणाऱ्याला एन्फ्यूज आहे. ते मुळात वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या प्रतिमा मिसळण्यासाठी लिहिलं गेलं. उजेडाचं वजन शून्य आणि कॉन्ट्रास्टचं वजन पूर्ण केलं की ते फोकस जोडतं. पेटेरी आयमोनेन यांचं फोकस-स्टॅक हेही खुल्या स्रोताचं आहे आणि कमांड लाइनवरून झपाट्याने काम करतं. या मोफत साधनांची मुख्य उणीव एकच: झेरीन-हेलिकॉनसारखा दुरुस्तीचा कुंचला त्यांच्यात सहसा नसतो. ते काम मग गिंपमध्ये थर लावून हाताने करावं लागतं. वेळ लागतो, पण होतं.

आता काही कॅमेरे हे काम स्वतःच करतात. ऑलिंपसने २०१५ मध्ये आपल्या ईएम-१ कॅमेऱ्यात आठ फ्रेम्स आतल्या आत जोडण्याची सोय दिली. निकॉनचा डी ८५० २०१७ मध्ये आला. तो एका दमात तीनशेपर्यंत फ्रेम्स घेतो, मात्र जोडणं आपल्यावर सोडतो. कॅमेऱ्यात जोडलेली प्रतिमा जागेवरच पाहायला उत्तम. फुलपाखरू उडण्याआधी स्टॅक जमला की नाही ते कळतं. पण मूळ फ्रेम्सही रॉमध्ये साठवायची सोय चालू ठेवा. कॅमेऱ्याने जोडताना केस हरवला, तर तो परत आणायला त्याच हाताशी हव्यात.

साठवणीचाही आधी विचार करावा. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची सोळा बिटची एक टिफ फाइल सुमारे १४४ एमबी. माझ्या गांधीलमाशीच्या चौसष्ट फ्रेम्सनीच नऊ जीबीहून जास्त जागा घेतली. सॉफ्टवेअरच्या पैशांत एका चांगल्या हार्ड डिस्कचे पैसे आधीच मिळवून ठेवा.

माझा निर्णय असा. नाणी, दागिने, खनिजं, पानाफुलांचे छोटे स्टॅक करणाऱ्याला हातात असलेलं फोटोशॉप किंवा अ‍ॅफिनिटी पुरतं. रोज पुष्कळ स्टॅक करणाऱ्याने, रॉवर काम करणाऱ्याने हेलिकॉन घ्यावं. कीटक, कोळी, केसाळ वनस्पती हाच ज्याचा ध्यास आहे आणि एकेका चित्रावर जो तास घालवायला तयार आहे, त्याने झेरीन घ्यावं. मी तेच घेतलं. हेलिकॉन आणि झेरीन दोन्ही तीस दिवस विनामूल्य वापरून पाहता येतात. पण ते तीस दिवस उगाच सुरू करू नका. आधी तुमच्या विषयातला सर्वांत अवघड स्टॅक घ्या, केस, चकाकी, एकमेकांना छेदणाऱ्या कडा असलेला. मग दोन्ही उतरवून घ्या, तोच स्टॅक दोन्हींत जोडा आणि शंभर टक्के मोठा करून कडा पाहा. तुमच्या विषयाचं उत्तर तुमच्याच फ्रेम्स देतील.

सुंदर आणि खरं

या तंत्राने काय साधतं याचं एक उदाहरण २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात मांडलं गेलं. लेव्हॉन बिस या इंग्लिश छायाचित्रकाराने संग्रहालयातला एकेक कीटक भागाभागाने टिपला, प्रत्येक भागाला वेगळा उजेड दिला, सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह कॅमेऱ्याला जोडून दहा-दहा मायक्रॉनने पुढे सरकत फ्रेम्स घेतल्या. एका कीटकाच्या एका चित्रासाठी आठ ते दहा हजार फ्रेम्स. ती चित्रं पुरुषभर उंचीहून मोठी छापली गेली आणि त्यांवर भुंग्याच्या पाठीवरचा खळगान् खळगा दिसत होता.

दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची मेरीलँडमध्ये मधमाश्यांची एक प्रयोगशाळा आहे. तिथले लोक नमुन्यातल्या मधमाश्या साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, त्यांची लव पुन्हा फुलवून मग त्यांचे स्टॅक करतात, आणि ती चित्रं सगळ्या जगाला विनाअट वापरायला देतात. ती सजावटीसाठी काढलेली नाहीत. मधमाशीची जात ओळखताना लवेचा रंग, पंखांतल्या शिरा, पायावरचे काटे पाहावे लागतात, आणि हे सगळं एका चित्रात स्पष्ट दिसावं म्हणून ती काढलेली आहेत.

आपल्याकडेही हे काम हवं आहे. २०२१ मध्ये ठाणे-मुंबई परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात वर्णिली गेली. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यात कसाब या हल्लेखोराला पकडताना प्राण देणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तिला आयसियस तुकारामी हे नाव मिळालं. अशा कोळ्यांच्या जाती नराच्या तोंडाजवळच्या पाल्पच्या रचनेवरून ओळखतात, आणि तो अवयव मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. अशा अवयवावरचा एक काटा सॉफ्टवेअरने पुसला किंवा एकाचे दोन केले, तर पुढे कुणाच्या तरी ओळखीत चूक होऊ शकते. सह्याद्रीच्या सड्यांवर, देवरायांत, शहरातल्या झाडांवर अजून किती जीव आपण नीट पाहिलेलेच नाहीत. ते पाहण्याचं काम आता हौशी छायाचित्रकारांच्या हातीही आहे, म्हणूनच त्यांच्यावर जबाबदारीही आहे.

बाई मला एकदा म्हणाल्या, "हर्बेरियमच्या कागदावर झाड चिकटवताना पान तुटलं तर तुटलेलं तसंच ठेवतात रे. त्याच्या शेजारी चिठ्ठी लावतात." त्यांनी वेगळं काही सांगितलं नाही, पण मला माझं काम कळलं.

म्हणून वाचकांना, विशेषतः या पावसाळ्यानंतर कॅमेरा हाती घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना एवढंच मागणं आहे. स्टॅक केलेल्या फोटोखाली लिहा: किती फ्रेम्स, कोणतं सॉफ्टवेअर, कोणती पद्धत, हाताने कुठे दुरुस्ती केली. अभ्यासकाला फोटो देताना जोडलेल्या चित्राबरोबर दोन-चार मूळ फ्रेम्सही द्या. आणि काहीही झालं तरी मूळ फ्रेम्स पुसू नका. सड्यावरच्या त्या दवबिंदूचा थेंब आता आपल्या देठावर आहे, कारण चौदावी फ्रेम माझ्याकडे होती.